घोडं मीच बसवलं होतं

बिरप्पा,

परवा तुझ्या अंगणात अप्पांनी मला एक प्रश्न विचारला. माणसं उठून गेली होती, रेणुकावहिनी आत होत्या. तुझे अप्पा घोंगडं अंगावर घेऊन भिंतीला टेकले होते आणि मी त्यांच्यासमोर चहाचा कप धरून बसलो होतो, सांत्वनाला आलेला मित्र म्हणून. ते म्हणाले, "मास्तरच्या लेकरा, तू कंप्युटरमधला हायस म्हणून इचारायलोय. बीदरच्या कालेजात आमच्या बिऱ्यानं नेमकं काय बिघडवलं होतं? सात वर्सं झाली. त्याला इचारलं की नुसतं 'झाली चूक' म्हणायचा. एवढं हुशार पोरगं, कामून केलं असंल तसं?"

मी कप खाली ठेवला. त्यांना काय सांगितलं ते शेवटी लिहितो. उत्तर तुला माहीत होतं आणि मला माहीत होतं. तू ते गिळलंस. मी ते सात वर्षं तोंडात धरून हिंडलो.

हुमनाबादच्या तुझ्या क्लासची मुलं तुझ्या आठवणींची पुस्तिका काढताहेत. "सर, तुम्ही त्यांचे जुने दोस्त, दोन पानं द्या," म्हणाली. तुझा जन्म, शिक्षण, स्वभाव हे सगळं कोणीतरी लिहीलच, माझ्यापेक्षा नीट लिहील. मी एकाच दिवसाचं लिहिणार आहे, कारण तो दिवस मी सोडून दुसरं कोणी लिहू शकत नाही.

गुलबर्ग्याचं ते ऑफिस आठव. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, तूर डाळीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. की-बोर्डच्या फटींत डाळीचा भुसा जायचा आणि तू तो उलटा करून टेबलावर आपटायचास. मालक, म्हणजे आपले सर, कन्नडमधून हुकूम सोडायचे, तू माझ्याशी मराठीत भांडायचास आणि खालच्या चहावाल्या चाचांशी दखनीत. आपण दोघं हळ्ळीखेडचे, एकाच शाळेतले. माझे वडील तिथे हेडमास्तर, म्हणून तू मला जन्मभर 'मास्तर' म्हणालास. तुझे वडील मेंढरांमागे. कळप फिरतीवर गेला की तू शाळेत नसायचास, आणि परत आल्यावर पंधरा दिवसांत गणितात माझ्यापुढे जायचास. मला त्याचा राग यायचा. हेही आज पहिल्यांदाच सांगतोय.

आता ज्यांना कॉलेजांसाठी प्रोग्राम लिहायचं आपलं काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं लिहितो. तू ऐकून घे, आणि चुकलं तर हस.

कॉलेजची माहिती टेबलांत ठेवलेली असते. विद्यार्थ्यांचं एक टेबल, दाखल्यांचं दुसरं, विषयांचं तिसरं. प्रोग्राम लिहिणारा मात्र 'ही मुलगी, हे तिचे दाखले' असा माणसासारखा विचार करतो. या दोहोंच्या मध्ये ओआरएम नावाची एक सोय बसते. तू तिला दुभाष्या म्हणायचास. आपण आपल्या भाषेत मागायचं, तो टेबलांच्या भाषेत विचारून आणून देतो. इमानदार माणूस, पण आळशी. चारशे विद्यार्थ्यांची यादी मागितली की एका खेपेत यादी आणतो आणि दाखले मागेच ठेवून येतो. पडद्यावर पहिल्याचे दाखले दाखवायची वेळ आली की त्याच्यापुरता परत जातो. मग दुसऱ्यासाठी. मग तिसऱ्यासाठी. असा चारशे वेळा दाखल्यांसाठी आणि पुन्हा चारशे वेळा विषयांसाठी. यादी उघडायला लावून आपण खाली जाऊन चहा पिऊन यायचो, तरी पडद्यावरचं वाळूचं घड्याळ उलटंसुलटं होतच असायचं.

उपाय नव्हता असं नाही. प्रोग्रामच्या प्रत्येक पडद्यासाठी हातानं लांबलचक क्वेरी, म्हणजे टेबलांच्या भाषेतला प्रश्न, लिहायची, टेबलं एकमेकांना जोडून. आपले सत्तावीस पडदे होते आणि सत्तावीस तऱ्हा. एक दुरुस्त केली की दुसरी मोडायची.

तेव्हा तू मला अप्पांची रीत सांगितलीस.

कळप एका रानातून दुसऱ्या रानात हलवायचा असला की घोड्यावर ओझं चढवण्याआधी अप्पा उभे राहायचे आणि म्हणायचे, "काय काय घ्यायचं? बोला." तुझी आई मोठ्यानं एकेक नाव घ्यायची. पिठाचं पोतं. कोकरांची जाळी. तवा. औषधाची बाटली. लंगडी मेंढी. बोललेलं निघायचं, न बोललेलं तिथंच राहायचं. विसरलेल्या तव्यासाठी मागं यायचं म्हणजे अर्धा दिवस गेला, आणि होतं नव्हतं ते सगळं लादलं तर तुमची चंद्री घोडी वाटेत बसकण मारायची. अप्पांचं वाक्य तू त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवायचास: "समदं घेतलं तर घोडं बसतंय, काईच न्हाई घेतलं तर माणूस पळतंय. बोलून निघा."

"मास्तर, पोग्रामला बी असंच लावू," तू म्हणालास. "यादी मागतानाच म्हणायचं, संगट दाखले आण, विषय आण. बास. बाकीचं राहू दे जाग्यावर."

"दर वेळी कोण बोलत बसणार?" मी म्हणालो. "एकदाच सेटिंग करून टाकू. विद्यार्थी आला की त्याचं सगळं आपोआप आलं पाहिजे."

"घोडं बसंल."

"हा कंप्युटर आहे, तुमची चंद्री न्हाई."

"चंद्री शहाणी होती बाबा. बसून सांगत तरी होती. हे तुझं मशीन काई सांगणार न्हाई, हुबं हुबं मरंल."

"अरे, पण मशीनलाच कळायला पाहिजे ना माणसाला काय लागतं ते."

"त्येला कामून कळावं? मन हाय का त्येला? तुला काय पाहिजे ते तुझं तू बोल की. बोलायला काय दात दुखायलेत?"

हा वाद आपण पंधरा दिवस घातला. जेवताना घातला, जिन्यावर घातला. सर एकदा वैतागून म्हणाले, लग्न करा दोघं. मी हरत होतो, आणि हरतोय हे मला कळत होतं. तेवढ्यावर थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती.

बीदरच्या कॉलेजात प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी आपल्या प्रोग्रामची नवीन आवृत्ती बसवायची ठरली. तू बसनं जाणार, सीडी मी तयार करणार. सीडी करताना मी नात्यांच्या, म्हणजे कोणतं टेबल कशाशी जोडलंय ते सांगणाऱ्या, सगळ्या फाइली उघडल्या आणि जिथं जिथं नातं दिसलं तिथं तिथं 'लगेच आण' असं लावून टाकलं. विद्यार्थ्याबरोबर त्याचे दाखले. दाखल्याबरोबर त्याचं कॉलेज. कॉलेजबरोबर त्याचे विद्यार्थी. असं ओळीनं लिहिल्यावर आज कोणालाही दिसेल की मी काय करून ठेवलं. मला दिसलं नाही. माझ्या मशीनवर तपासणीसाठी बारा खोटे विद्यार्थी होते. बारा जणांचं घोडं कशाला बसतंय? यादी झटक्यात उघडली. मी मनात म्हणालो, आता बीदरहून याचा फोन येईल आणि हा म्हणेल, मास्तर, तुझंच खरं निघालं.

बदलाची नोंद मात्र तुझ्या नावावर पडली. आपल्या कोडच्या सर्व्हरवर एकच खातं होतं, तुझं. सर्व्हर तू उभा केला होतास आणि माझं वेगळं खातं उघडायचं राहून गेलं ते गेलंच. पासवर्ड 'चंद्री'. दोघंही बिरप्पा म्हणूनच आत जायचो, आणि आज कोणी काय बदललं ते एकमेकांना तोंडी सांगायचो. एका गावची माणसं, कागद कशाला लागतोय, अशी आपली समजूत. तोंडी सांगणं हीच आपली खरी नोंदवही होती.

सकाळी बसस्टँडवर मी सीडी तुझ्या हातात दिली. बस सुटायच्या बेतात होती. खिडकीतून वाकून तू विचारलंस, "यात नवीन काय हाय? बोल."

"काही न्हाई. तेच."

"बग हं. बोलून निघालेलं बरं असतंय."

"न्हाई म्हणलं ना रे. जा तू."

त्या क्षणाचा मी सात वर्षांत इतका विचार केलाय की खिडकीचा गज, तुझ्या शर्टाचं तुटकं बटण, कंडक्टरची शिटी, सगळं मला काढून दाखवता येईल. खोटं बोलायची गरज नव्हती. 'नाती बदललीत, एकदा तपासून घे' एवढं म्हणालो असतो तर तू बसमधून उतरून माझ्या टाळक्यात मारलं असतंस आणि प्रश्न संपला असता. मला तुला चकित करायचं होतं. खरं सांगायचं तर तुला हरवायचं होतं.

पुढचं मला तिथल्या कारकुनाकडून कळलं, तुझ्याकडून कधीच नाही. औरादहून आजोबांबरोबर आलेली एक मुलगी पहिली होती. तू तिचं नाव टाकलंस. त्या एका नावामागून तिचे दाखले निघाले, दाखल्यांमागून कॉलेज, कॉलेजमागून सगळे विद्यार्थी, त्या सगळ्यांचे दाखले. मशीन हुबं हुबं मेलं. परत चालू केलं, परत तेच. व्हरांड्यात रांग, हातात प्लॅस्टिकच्या पिशव्यांतले कागद, प्राचार्यांचा आवाज चढलेला. तू टेबल बाहेर ओढलंस, कारकुनाला बसवलंस आणि हातानं अर्ज घ्यायला लावलेस. "एक बी लेकरू परत जायचं न्हाई," म्हणालास. मग आत जाऊन बसलास.

तुझ्या पिशवीत कोडची प्रत नेहमी असायची. ती सीडीशी ताडून पाहिल्याबरोबर तुला सगळं दिसलं असणार, काय झालंय तेही आणि कोणी केलंय तेही. त्या खात्यातून आत जाणारे आपण दोघंच. ते करणारा तू नव्हतास.

आणि तिथं, मागून लोक बोल लावत असताना, तू 'एकखेप' लिहिलंस. माझं 'लगेच आण' सगळीकडून उपटून टाकलंस. सत्तावीस किचकट क्वेऱ्यांच्या जागी एकच छोटं फंक्शन, प्रोग्रामचा एक तुकडा, जेमतेम चाळीस ओळींचा. यादी मागायची आणि पुढे सोबत काय पाहिजे ते नाव घेऊन लिहायचं: एकखेप, दाखले, विषय. विद्यार्थ्यांची एक खेप, त्या सगळ्यांच्या दाखल्यांची मिळून एक, विषयांची एक. आठशे चकरांच्या जागी तीन. नाव घेतलेलं येतं, न घेतलेलं जागेवर राहतं. दुपारी चारला यादी उघडली, आणि कारकून म्हणाला ती उघडली हे कोणाच्या लक्षातच आलं नाही, इतकी पटकन उघडली. कोणाचा प्रवेश बुडाला नाही. औरादच्या त्या दोघांची गावची बस तेवढी चुकली.

बिरप्पा, या धंद्यात मला पंधरा-सोळा वर्षं झाली. मोठमोठ्या लोकांचा कोड वाचलाय. त्या चाळीस ओळींपेक्षा स्वच्छ काही मी वाचलेलं नाही. हे मी तुला सांगितलं नाही. सांगायचं तर बाकीचंही सांगावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी नोंद उघडली. खोलीत आपण तिघं. "इथं तुझं नाव आहे," सर म्हणाले. तू माझ्याकडे पाहिलंस. मी पडद्याकडे पाहिलं. तू किती वेळ थांबलास ते मला अजून मोजून सांगता येईल. खाली चाचांनी दोन कप विसळले, तेवढा वेळ. मग तू म्हणालास, "झाली चूक, सर."

सर म्हणाले, "मेंढरं राखणाऱ्याच्या हाती सर्व्हर दिला की हेच व्हायचं. उद्यापासून कोडला हात लावू नकोस, शिकवायचं काय ते बघ." हेडमास्तरच्या पोरावर संशय घ्यावा असं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. ते माझ्या फायद्याचं होतं, आणि मी तो फायदा घेतला. चार महिन्यांनी तू हुमनाबादला जाऊन क्लास काढलास. वर्षभरात हैदराबादच्या कंपनीनं माणूस मागितला तेव्हा सरांनी माझं नाव दिलं. मुलाखतीत मी फळ्यावर 'एकखेप' लिहून दाखवलं. माझं म्हणून. तिथले तेलुगू सहकारी विचारायचे, हा शब्द कुठला रे? मी म्हणायचो, आमच्याकडचा आहे. 'आमच्याकडचा' म्हणून तुझं नाव झाकायचो.

आपलं बोलणं तुटलं नाही, हेच खरं तर मला सहन होत नव्हतं. महिन्यातून एकदा तरी तुझा फोन यायचा. क्लासच्या मुलांच्या गमती, पाऊस, तुरीचं पीक. आणि वाद तर चालूच होता. "नक्को मास्तर, तुझं आपोआप मला आजबी पटत न्हाई." गेल्या दिवाळीत मी तुला कोंडीत पकडलं होतं. म्हटलं, आमचा एक पडदा आहे, त्याला सोबत नऊ गोष्टी लागतात, नऊ नावं लिहीत बसायची का? तू म्हणालास, "नऊ वस्तू घेतल्याबिगर ज्येचं पाऊल निघत न्हाई, त्येनं मुक्कामच हलवायचा का ते आधी बगावं." मी उत्तर देतो म्हणालो. दिलं नाही. आता देतो. तो पडदा आम्ही गेल्या महिन्यात तोडून तीन केले. प्रत्येकाला तीन नावं लागतात. तुझंच खरं निघालं.

फोन ठेवण्याआधी तू दर वेळी एकच वाक्य म्हणायचास. "अजून काय? बोल."

आणि मी म्हणायचो, "काही न्हाई. तेच."

तर, परवाचं अंगण. अप्पांना मी सगळं सांगितलं, या पानांवर आहे त्याच क्रमानं. दुभाष्या समजावायला वेळ लागला, घोडं समजावायला लागला नाही. त्यांनी मध्ये एकदाही टोकलं नाही. संपल्यावर म्हणाले, "म्हंजी घोडं तू बसवलास."

"व्हय, अप्पा."

"आन् उठवलं त्येनं."

"व्हय."

"मग हे मला सांगून काय उपेग? मी बाप हाय. मला उत्तर पाहिजे होतं, इस्वास न्हाई, त्यो माझ्यापाशी होताच. ज्येंनी त्येला नाव ठेवलं त्येंना सांग."

रेणुकावहिनी दारात उभ्या होत्या. कधी आल्या ते मला कळलं नाही. त्या म्हणाल्या, "भावजी, तुमच्याशी बोलून फोन ठेवला की हे म्हणायचे, 'आज बी न्हाई.' मी इचारायची, काय न्हाई? तर हसायचे. मला वाटायचं, मास्तर जेवायला यायचे हायत ते लांबायलंय."

त्या रडल्या नाहीत. मीच रडलो, आणि त्यांनी मला पाणी आणून दिलं. ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांच्या हातून मी पाणी घेतलं. तू वाट बघत होतास हे मला कळायला हवं होतं. तुझ्या गप्प राहण्याला मी मोठेपणा समजत होतो, कधी कधी तर विसरणं समजत होतो. तू फक्त विचारत होतास, दर महिन्याला, बसच्या खिडकीतून विचारलं होतंस तसं.

सरांना काल सकाळी फोन केला. "आता कशाला उकरतोस? तो गेला," म्हणाले. म्हटलं, "तो गेला, मी हाय की. नोंदीत नाव त्याचं होतं, हात माझा होता. आणि मेंढरं राखणाऱ्याबद्दल तुम्ही जे बोललात ते त्याच खोलीत मागं घ्या, नाहीतर त्याच्या आठवणींच्या पुस्तिकेत वाचा." ते म्हणाले, "छाप." बीदरच्या कॉलेजला पत्र गेलंय, प्राचार्यांना आणि कारकुनाला वेगवेगळं. आज हैदराबादला ऑफिसात आल्याबरोबर 'एकखेप'ची फाइल उघडली. वर माझं नाव होतं. ते काढून लिहिलं: बिरप्पा, हळ्ळीखेड. या वेळी माझ्या स्वतःच्या खात्यातून. शेजारच्या पोरीनं विचारलं, "सर, हे बिरप्पा कोण?" मी तिला जेवणाच्या सुट्टीत बसवून सांगितलं, आणि सुट्टी पुरली नाही.

तुझ्याविना वाद घालायला कोणी नाही ही गोष्ट मला अजून नीट समजलेली नाही. ती हळूहळू समजेल. पण एक मला आज खात्रीनं सांगता येतं: इथून पुढं माझ्याकडून 'तेच' ऐकायला मिळणार नाही. कोणालाच.

निघतानाचं राहिलं. काल दुपारी मी पिशवी उचलली तेव्हा अप्पा काठी टेकत अंगणाच्या टोकापर्यंत आले. मेंढरं विकून किती वर्षं झाली, चंद्री जाऊन किती झाली, पण कोणी घरातून निघालं की ते विचारतातच.

"काय काय घेतलास? बोल."

"भाकरी. शेंगांची चटणी. बिरप्पाचा फोटो, वहिनींनी दिला."

"आन्?"

"आन् काई न्हाई, अप्पा. मागं काई ठेवलं न्हाई. समदं बोललो."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहून घेतलं, ओझं घट्ट बांधलंय का ते बघतात तसं.

"मग निघ," म्हणाले.